फोनवरची रेखा

सुरमी पावराला नोकरी मिळाली ती फोनवर, आणि ज्यांनी दिली त्यांनी तिला तोवर पाहिलेलं नव्हतं.

तिचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्यात. आईबाप दर हिवाळ्यात पोरांना घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जायचे, त्यामुळे गुजराती तिला लहानपणीच खेळता खेळता आली. मराठी आश्रमशाळेत आली, हिंदी धुळ्याच्या कॉलेजात पक्की झाली. बी.ए. झाल्यावर ती धुळ्यातच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिली आणि नोकरी शोधायला लागली. दुकानं झाली, दवाखाने झाले, शाळा झाल्या. लोक आधी तिच्याकडे बघायचे आणि मग जागा भरली म्हणून सांगायचे. एका कापडदुकानाच्या मालकाने तर तिच्या तोंडावरच सांगितलं, की मुली ठेवायच्या त्या गिऱ्हाईक थांबावं म्हणून ठेवायच्या, पळावं म्हणून नाही. तो हे रागाने बोलला नव्हता. समजूत घातल्यासारखं बोलला होता, आणि तेच तिच्या मनातून जाईना.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर पेपरात जाहिरात आली. एका तेलगिरणीला टेलिफोनवर बसायला मुलगी हवी होती, मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी. खाली फोन नंबर होता. सुरमीने पोस्टाजवळच्या सार्वजनिक फोनवरून तो लावला. पलीकडे गिरणीचा मॅनेजर रुपचंद होता. त्याने तिच्याशी थोडं मराठीत, थोडं हिंदीत बोलून बघितलं, मग राजकोटच्या व्यापाऱ्याला शेंगदाण्याचा भाव विचारायचा तर गुजरातीत कसं विचाराल म्हणाला. तिने विचारून दाखवलं. रुपचंद खूश झाला. तिला अहोजाहो करत म्हणाला, "उद्याच या, ताई. नोकरी पक्की समजा."

दुसऱ्या दिवशी ती धुतलेली निळी साडी नेसून गिरणीवर गेली. फाटकावरच्या माणसाने तिला काही न विचारता उजवीकडे हात दाखवला. तिकडे पत्र्याच्या सावलीत बाया रांगेने शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. आपण ऑफिसात आलो आहोत हे तिला दोनदा सांगावं लागलं. ऑफिसात रुपचंद भेटला. त्याने तिच्या मागे, दाराकडे बघितलं आणि विचारलं, "फोन आला होता त्या ताई कुठे आहेत?"

"मीच ती," सुरमी म्हणाली.

आवाज त्याने ओळखला. तो तिच्याकडे बघत राहिला, मग मालकांच्या केबिनमध्ये गेला. मालक जीवरामभाऊ शेतकरी घरातले. बापाने कापसावर कमावलं, यांनी गिरणी काढली. गावात त्यांना मान होता, देवळांना देणग्या होत्या. केबिनच्या काचेतून त्यांनी मान वाकवून सुरमीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रुपचंदला काहीतरी म्हणाले. दोघं हसले. दार नीट लागलेलं नव्हतं. शेवटचं वाक्य तिला स्पष्ट ऐकू आलं.

"आवाज ठेवून घे. बाई मागे बसव."

त्याच आठवड्यात टेलिफोनचा बोर्ड हलवला गेला. आधी तो पुढच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, एका चांगल्या टेबलावर होता आणि तिथे एक गृहस्थ बसायचे. ते निवृत्त झाले होते. आता तारा ओढून बोर्ड गोदामामागच्या एका खोलीत नेला. खोलीला एक बारीक खिडकी होती. एका बाजूला ढेपेची पोती रचलेली, तेल काढून उरलेला तो चोथा उन्हात आंबायचा. दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडे गड्यांची मुतारी. वारा कुठूनही आला तरी दोहोंपैकी एक वास घेऊनच यायचा. बायकांसाठी सोय नव्हतीच. पुढच्या ऑफिसातली टायपिस्ट पुष्पा पाटील मालकांच्या घरी जाऊन यायची, घर फाटकाला लागूनच होतं. सुरमीने विचारलं तेव्हा रुपचंद म्हणाला, "घरात देव्हारा आहे, बरं दिसत नाही." पगारही आधीच्या गृहस्थांच्या निम्मा ठरला. त्यांना संसार होता, असं कारण सांगितलं. सुरमीच्या मागे तीन भावंडं होती, पण तिने ते सांगितलं नाही. सांगून काही होणार नाही हे दिसत होतं.

नाव बदललं ते जीवरामभाऊंनी स्वतः. सुरमी हे काय नाव आहे, व्यापाऱ्यांना ऐकून कसंतरी वाटेल, म्हणाले. "फोनवर रेखा बोलतेय म्हणायचं." पुढे बऱ्याचदा ते आल्यागेल्याला, तिच्यादेखत, सांगायचे की आपल्याकडे जातपात कोणी मानत नाही, भिलाची पोर आपण ऑफिसात घेतली. ती भिल नव्हती, पावरा होती. चहा तिला खिडकीतून मिळायचा, कान तुटलेल्या कपात, आणि तो कप खिडकीबाहेरच ठेवलेला असायचा.

काम मात्र तिला आवडायला लागलं होतं. राजकोट, अकोला, सुरत, कुठे कुठे ती ट्रंक कॉल लावून द्यायची. व्यापारी घाईत असले तरी तिच्याशी नीट बोलायचे. मालाच्या गाड्या कुठे अडल्या, कोणाचा हिशोब राहिला, हे तिच्या कानावरून जायचं आणि गिरणीचं सगळं चक्र तिला त्या आंबट वासाच्या खोलीत बसून दिसायचं. एवढं एक बरं होतं.

मग जळगावचे मांगीलाल सुरू झाले.

मांगीलाल तेलाचे मोठे व्यापारी. जीवरामभाऊंचा निम्मा माल तेच उचलायचे. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, नवीन आहात का. मग विचारलं, गाव कोणतं. मग जेवलात का, आज साडी कोणत्या रंगाची आहे, केस लांब आहेत का. मालकांकडे फोन द्या म्हणायच्या आधी ते पाच-दहा मिनिटं हिच्याशीच बोलत राहायचे. बोलता बोलता त्यांचा श्वास फोनमध्ये ऐकू यायचा. पान खायची सवय होती, त्याची चपचप ऐकू यायची. सुरमीला वाटायचं तो ओला आवाज कानात चिकटून राहतो. एकदा तिने उत्तर न देता फोन सरळ आत जोडून दिला, तर जीवरामभाऊ स्वतः मागे आले. दारातच उभे राहिले, नाकाला रुमाल लावून. म्हणाले, "दोन शब्द हसून बोललीस तर तुझं काय जातं? तो माणूस खूश असला की भाव ओढत नाही. तुला त्याच्यासमोर थोडंच जायचंय?"

हे शेवटचं त्यांनी तिची सोय सांगितल्यासारखं सांगितलं.

तिने नोकरी सोडायचा विचार केला. पण धाकट्या भावाची शाळा होती, आणि बाकीची दारं तिने आधीच ठोठावून झाली होती. ती हसून बोलायला शिकली. हसताना ती समोरच्या भिंतीच्या पोपड्याकडे बघत राहायची. घरी गेल्यावर मैत्रिणीने स्वयंपाक वाढला तरी तिला घास जायचा नाही. ती आंघोळ करून यायची आणि पुन्हा कान धुवायची.

पुढच्या हॉलमधली पुष्पा तिच्याहून लहान होती. फैजपूरकडची, गोरी, नाकीडोळी नीटस. तिला टायपिंग फारसं येत नव्हतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिला पुढे बसवलं होतं ते बसवण्यासाठीच. पाहुणे आले की पाणी तिने द्यायचं, चहा तिने द्यायचा, आणि देताना मालकांनी खुर्चीमागून पाठीवर थोपटलं तर हलायचं नाही. दोघींचं बोलणं कमीच व्हायचं. पुष्पाला मागच्या खोलीत जायची मनाई नव्हती, पण ती जात नसे. वासामुळे, असं ती म्हणायची.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये मांगीलाल वर्षाचा सौदा करायला स्वतः धुळ्याला आले. सकाळपासून हॉल धुऊन काढला होता. जीवरामभाऊंनी मुंबईहून आणलेला नवा फोन, ज्यावर पलीकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं, टेबलावर मधोमध ठेवला होता. मांगीलाल बसले, सरबत प्याले आणि सौद्याचं नाव काढायच्या आधी म्हणाले, रेखाला बोलवा, बघू तरी.

जीवरामभाऊ क्षणभरही अडखळले नाहीत. त्यांनी पुष्पाला हाक मारली आणि म्हणाले, ही आमची रेखा.

पुढचं सुरमीला नंतर पुष्पाने सांगितलं. मांगीलालने तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. तिला बोल म्हणाले. ती दोन शब्द बोलली, तर ते म्हणाले, हा आवाज तो नाही. जीवरामभाऊ म्हणाले, सर्दी झाली आहे. मांगीलाल हसले. म्हणाले, आत जा आणि फोनवर बोल, फोनवर आवाज बरोबर येईल. आणि आज दुपारचं जेवण माझ्याबरोबर, मी उतरलोय त्या लॉजवर. पुष्पाने मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, येईल की, आमच्या घरचीच मुलगी आहे.

रुपचंद पुष्पाला घेऊन मागच्या खोलीत आला. पुष्पाचा चेहरा पांढरा पडला होता आणि ज्या हाताला धरलं होतं तो हात तिने अंगापासून लांब धरला होता, जसं काही त्यावर घाण सांडली आहे. रुपचंद घाईत होता. त्याने सुरमीला सांगितलं, आता पुढून फोन येईल, मांगीलालजी बोलतील, नेहमीसारखं हसून बोल. जेवायला येणार का विचारतील, तर हो म्हण. तू फक्त हो म्हणायचं, जाईल ही.

सुरमीने विचारलं, "पुष्पाला विचारलंय का?"

"मालकांनी ठरवलंय," रुपचंद म्हणाला. "दुपारचं जेवण आहे, त्यात काय एवढं. लॉज चांगला आहे."

पुष्पाने फक्त मान हलवली, नाही म्हणून, अगदी थोडी, आणि तीही रुपचंदला दिसू नये अशी. सुरमीने ती बघितली. रुपचंदला मुली होत्या. मोठीच्या दहावीच्या परीक्षेसाठी त्याने परवाच नवस बोलला होता आणि पेढे वाटायचं कबूल केलं होतं. ढेपेचा वास रोजचाच होता, पण आज तो वास या माणसाच्या अंगाचा आहे असं सुरमीला वाटलं.

फोन वाजला. तिने उचलला.

"रेखा," मांगीलालचा आवाज आला, "आता बोल बघू. हाच ना तो गोड गळा?"

मागे हॉलमधल्या माणसांचं हसणं ऐकू आलं. म्हणजे सगळे ऐकत होते.

"मी रेखा नाही," ती म्हणाली. "माझं नाव सुरमी पावरा. वर्षाच्या वर झालं, तुम्ही माझ्याशीच बोलताय. मी गोदामामागे मुतारीशेजारी बसते, कारण मी काळी आहे आणि पावरा आहे, आणि तुमच्यासारख्यांना दिसू नये असं मालकांचं मत आहे. मघाशी तुम्ही जिचा हात धरला ती पुष्पा पाटील, टायपिस्ट. तिला तुमच्याबरोबर यायचं नाही. मलाही तुमच्याशी रोज बोलायचं नव्हतं. मला बोलायला लावत होते."

रुपचंदने फोन ओढून घेतला तोवर एवढं बोलून झालं होतं. त्याने तिच्या दंडाला धरलं. तिने दंड सोडवला आणि ती खोलीतून बाहेर पडली, गोदामाला वळसा घालून, पुढच्या हॉलमध्ये. त्या दाराने ती नोकरीच्या पहिल्या दिवसानंतर आजच पुन्हा आत येत होती.

मांगीलाल खुर्चीत बसले होते. पन्नाशीचा, पांढऱ्या सफारीतला माणूस, गळ्यात सोन्याची साखळी. त्यांनी सुरमीकडे बघितलं आणि ओळख पटल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उजवा कान पुसायला लागले. आतून बाहेरून, बोट घालून, नीट पुसला. मग रुमाल घडी न करता टेबलावरच टाकला आणि जीवरामभाऊंना म्हणाले, "इतके दिवस तुम्ही मला हिच्याशी बोलायला लावलं? सांगायचं तरी."

त्यांची तक्रार तेवढीच होती. लाज वाटली ती कोणाशी बोललो याची वाटली, काय बोललो याची नाही.

जीवरामभाऊ सुरमीवर ओरडले. तिला जागा दिली, खुर्ची दिली, नाहीतर कुठेतरी मोळ्या विकत बसली असती, असं बरंच काही. सुरमीला ते ऐकू येत होतं पण तिचं लक्ष त्या रुमालाकडे होतं. तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल, रडू येईल. त्यातलं काहीच आलं नाही. फक्त शिसारी आली, कुजलेलं काहीतरी पायाखाली आल्यासारखी, आणि इथून पाय उचलावा एवढंच सुचलं. ती म्हणाली, "माझा या महिन्याचा पगार घरी पाठवू नका. येऊन घेईन, सगळ्यांसमोर." आणि निघाली.

फाटकाकडे जाताना शेंगदाणे निवडणाऱ्या बायांनी माना वर केल्या. बातमी त्यांच्यापर्यंत आली होती. त्यांच्यातल्या भिकुबाईने हाक मारून थांबवलं. सुरमी तिच्याशी कधी बोललेली नव्हती.

"तुनं काम गयं का, माय?" भिकुबाईने विचारलं.

सुरमी हो म्हणाली.

"मंग ती जागा आते खाली शे का? मनी पोर दहावी शिकेल शे."

सुरमी तिथेच उकिडवी बसली. तिने भिकुबाईला तिच्याच बोलीत, धुळ्यात राहून शिकलेल्या अहिराणीत, सांगितलं, की जागा खाली शे, पन पोरले धाडू नको, आणि का ते सगळं सांगितलं, मांगीलालच्या श्वासापासून लॉजवरच्या जेवणापर्यंत. भिकुबाई ऐकत होती, हात सुपात चालूच होते. शेवटी ती थोड्या अंतरावर बिडी ओढणाऱ्या मुकादमाकडे बघून हळूच म्हणाली, "आठे तरी काय येगळं शे?"

सुरमी उठली आणि फाटकाबाहेर पडली.

ती सरकारी कचेरीत गेली, कामगारांच्या तक्रारी घेतात तिथे. साहेबाने तिला उभं ठेवून सगळं ऐकलं. मग विचारलं, मालकाने हात लावला का? नाही. त्या व्यापाऱ्याने लावला का? मला नाही, पुष्पाला. मग पुष्पाला आणा, तुमची तक्रार काय आहे? फोनवर बोलायलाच ठेवलं होतं, फोनवर बोलायला लावलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले.

पुष्पा बाजारात भेटली तेव्हा तिने येते म्हणून सांगितलं. हात धरून सांगितलं. ठरलेल्या दिवशी ती आली नाही. तिच्याऐवजी तिचे वडील सुरमीच्या खोलीवर आले. चांगले पांढरपेशे दिसणारे गृहस्थ. त्यांनी उंबरठ्याबाहेर उभं राहून तिला सुनावलं, की माझ्या मुलीचं नाव तू भर ऑफिसात घेतलंस, आता तिला स्थळ कसं येईल. मुलीला लॉजवर कोण नेणार होतं, याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. जीवरामभाऊंना ते भेटून आले होते आणि त्यांच्याशी चहा घेऊन आले होते. सुरमीने दार लावून घेतलं.

सौदा ठरल्याप्रमाणे झाला. मांगीलालने त्या दिवशी जीवरामभाऊंच्या घरी जेवण केलं. गिरणीत बायकांना ऑफिसात घ्यायचं नाही असं ठरलं, भानगडी होतात म्हणून. पुष्पालाही घरी बसवलं. टेलिफोनवर रुपचंदचा एक भाचा आला. त्याला गुजराती येत नव्हती. बोर्ड पुन्हा पुढच्या हॉलमध्ये, पंख्याखाली आणला, कारण त्या मागच्या खोलीत माणूस कसा बसेल, असं रुपचंदनेच म्हटल्याचं तिथल्या एका गड्याने सुरमीला सांगितलं.

सुरमी पुढे वर्षभर शिकवण्या घेत राहिली. मग आदिवासींसाठी राखीव कोट्यातून तिला एसटीडी फोनचं बूथ मिळालं, शिरपूरला. जागेसाठी ती खूप हिंडली. शेवटी जतनबाई नावाच्या एका म्हाताऱ्या दुकानदारीण बाईने आपल्या दुकानालगतची टपरी दिली, एवढीच अट घालून की तिच्या लेकीला सुरतेला फोन लावून द्यायचा. बाजाराच्या दिवशी डोंगरातले लोक खाली यायचे. पोरं गुजरातेत ऊस तोडायला गेलेली असायची, मुकादमाच्या घरचा नंबर चिठोऱ्यावर लिहिलेला असायचा. म्हाताऱ्यांना फोनमध्ये बोलायची भीती वाटायची. मग सुरमीच त्यांच्यासाठी बोलायची, पावरीत, मोठ्याने, दोन खोऱ्यांमधून हाक मारावी तसं, आणि बाहेर उभी असलेली माणसं ऐकून हसायची. बायका तिच्याकडे बसून राहायच्या, काम नसलं तरी.

धंदा बरा चालला. भावाची शाळा पुरी झाली. गिरणीबद्दल ती फारसं कोणाशी बोलली नाही. एवढंच, की फोन लावून घेणारा एखादा परका गृहस्थ पैसे देताना थांबून म्हणायचा, तुमचा आवाज छान आहे हो, तेव्हा तिच्या तोंडात आंबट पाणी यायचं, आणि तो गेल्यावर ती टपरीबाहेर जाऊन थुंकून यायची.